गाडी नवीकोरी करायची की चालती ठेवायची?

पत्र (थोडं आटोपशीर करून): "पुण्यात, एरंडवण्यात राहतो. भोसरीच्या एका कंपनीत टूलरूमला होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. १९८३ मध्ये कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून १९४८ ची एमजी टीसी (जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार) घेतली, ती अजून माझ्याकडेच आहे. घराच्या कडेला गॅरेज आहे. त्यात बेंच, व्हाइस, ड्रिल आणि एक छोटं जुनं लेथ. नोकरीत होतो तेव्हा रविवार सगळा तिथेच जायचा, आणि गाडी कायम चालू असायची. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता वेळच वेळ आहे, एकदाच काय ते नीट करू. न्यू जर्सीतला पुतण्या व्हिडिओ पाठवतो, तिकडे लोक गाडी पार सांगाड्यापर्यंत सोडवून नवीकोरी करतात. मीही मडगार्ड, बॉनेट, रेडिएटर, कार्बुरेटर उतरवले. त्याला आता दीड वर्ष झालं. गाडी स्टँडवर उभी आहे, पार्ट बिस्किटांच्या खोक्यांत आहेत, आणि मला गॅरेजचं दार उघडावंसं वाटत नाही. वय झालं का? पुतण्या म्हणतो, अशीच विकून टाका, नाहीतर रिस्टोअररला द्या. काय करू?"

आणि खाली वेगळ्या अक्षरात: "गाडी जोडून कधी होणार तेवढं यांना विचारा. मला खडकवासल्याला कणीस खायला जायचंय. – सौ."

नमस्कार काका,

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. कुठल्या खोक्यात कुठला पार्ट आहे याची यादी तुम्ही पत्रात न अडखळता दिली आहे (जागेअभावी वर छापली नाही). इतकी उजळणी ज्याची पक्की आहे, त्याने वयाच्या नावाने रडू नये.

मला वाटतं, तुमचा सोमवार गेला, आणि सगळं तिथून बिनसलं. नोकरी होती तोवर रविवारी संध्याकाळी सात वाजता हात धुवावे लागायचे, कारण सकाळी कंपनीची बस. त्यामुळे रविवारी सकाळी जे उघडायचं ते रविवारी संध्याकाळी बंद होईल एवढंच उघडायचं, हा हिशोब तुम्ही न ठरवता पाळत होतात. टॅपेट सेट केले, एक ब्रेक शू बदलला, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासले, झालं. गाडी सुरू करून गल्लीला एक चक्कर मारली की तो रविवार वसूल. रिटायर झाल्यावर कुठलंच काम त्याच दिवशी संपवायची गरज उरली नाही, म्हणून एकही संपलं नाही. वर पुतण्याचे व्हिडिओ. दोन वर्षांचं काम बारा मिनिटांत दाखवणारा व्हिडिओ बघून कोणालाही आपलं गॅरेज भंगारवाल्याचं वाटेल.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. गाडी विकू नका, रिस्टोअररलाही देऊ नका, आणि नवीकोरी करायचा बेत सोडून द्या. जी होती तशी जोडा आणि चालवा. रंगाचे पोपडे, फिकट पडलेलं क्रोम, सीटच्या कडेची शिवण, सगळं आहे तसं राहू द्या.

यावर तुम्ही म्हणाल, एवढी सोडवलीच आहे तर आता करूनच टाकू. तिथेच गाडं अडतं. टीसी ही नवी होती तेव्हासुद्धा काही फार नाजूक, नेटकी गाडी नव्हती. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. डिझाइन युद्धाच्या आधीचंच होतं, थोडी डागडुजी करून पुन्हा उत्पादनाला लावलेलं. पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा, बॉडीखाली ॲशच्या लाकडाची चौकट, १२५० सीसीचं चोपन्न हॉर्सपॉवरचं इंजिन, हीटर नाही, आणि दारांच्या फटी प्रत्येक गाडीच्या वेगळ्या. आज प्रदर्शनातल्या टीसीवर जो आरशासारखा रंग दिसतो, तो कारखान्यातून निघालेल्या एकाही गाडीवर नसणार. अशा गाडीचा मालक मग तिला पावसात काढत नाही, धुळीत काढत नाही, आणि प्रदर्शनाला ट्रेलरवर चढवून नेतो. तुम्ही पुण्यात राहता. धूळ आणि पाऊस सोडून आपल्याकडे उरतं काय?

शिवाय चाळीस वर्षांत त्या गाडीत तुम्ही स्वतः लेथवर काढलेल्या किती बुश आणि किती वॉशर बसले असतील! नवीकोरी करायला निघालात की त्या सगळ्या डब्यात जाणार आणि त्यांच्या जागी पार्सलने आलेल्या चकचकीत वस्तू बसणार. मला तो सौदा तोट्याचा वाटतो. पण ही झाली माझी आवड. तुमची वेगळी असली तरी पुढचं वाचा, कारण नवीकोरी करायची म्हटली तरी आधी ती चालती व्हायला हवी.

जोडायचं कसं, हे टूलरूमच्या माणसाला मी सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण दीड वर्ष उभ्या राहिलेल्या गाडीचे काही डाव असतात, तेवढे सांगतो.

पहिला डाव नटबोल्टचा. तुम्हाला हे ठाऊक आहेच, इतर वाचकांसाठी लिहितो, कारण गोष्ट मजेदार आहे. टीसीच्या इंजिनाचं घराणं मॉरिसचं. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, त्यात फ्रेंच मेट्रिक आटे पाडणारी यंत्रं होती. आटे तेच ठेवले, पण इंग्लिश फिटरच्या हातात व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचे पाने, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थची केली. त्यामुळे इंजिनाच्या बोल्टला बाहेरून व्हिटवर्थचा पाना लागतो आणि आत आटा मेट्रिक, तोही बारीक. आठ मिलिमीटरच्या बोल्टला एक मिलिमीटरचा पिच, म्हणजे आट्याच्या दोन कडांमधलं अंतर. बोहरी आळीत आठचा बोल्ट मागाल तर सव्वा मिलिमीटर पिचचा मिळेल. दोन फेरे बोटाने जाईल, तिसऱ्याला घट्ट होईल, आणि मग "लागतोय की" म्हणून पाना लावला की ब्लॉकमधला आटा गेला. पुतण्या किंवा शेजारचा हौशी मुलगा मदतीला आला तर त्याला पार्टची खोकी द्या, बोल्टचं खोकं तुमच्याकडे ठेवा. चॅसीचे आटे आणखी वेगळे, त्यामुळे दोन्हींचे बोल्ट एकाच डब्यात टाकले असतील तर आधी एक दुपार ती निवडणी.

दुसरा डाव पेट्रोलचा. तुमच्या एसयू बनावटीच्या कार्बुरेटरमध्ये जेटच्या (पेट्रोल वर येतं त्या नळीच्या) भोवती कॉर्कची सीलं आहेत. कॉर्क पेट्रोलमध्ये भिजलेला असतो तोवर फुगलेला राहतो. गाडी महिनोन् महिने कोरडी ठेवली की आक्रसतो आणि पेट्रोल घातल्याबरोबर खालून थेंब पडायला लागतात, ते नेमके एक्झॉस्टच्या जवळ. म्हणजे गाडी जपायची म्हणून उभी ठेवणं हेच तिच्या कार्बुरेटरला बाधतं. आता कार्बुरेटर बेंचवरच आहेत, तर कॉर्क काढून इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या रिंगा घाला. तशी किटं इंग्लंडहून मिळतात. कारण तुम्ही गाडी सोडवलीत त्यानंतर पंपावरचं पेट्रोलही बदललंय, सगळीकडे वीस टक्के इथेनॉल आलंय. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, आणि टाकीत ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीपासून पंपापर्यंतच्या आणि पंपापासून कार्बुरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या बदला, वरून चांगल्या दिसत असल्या तरी. नाना पेठेत घेताना नळीवर काय छापलंय ते वाचून घ्या. नुसत्या "पेट्रोल पाइप"वर भागवू नका.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे पूर्वीच्या सेटिंगला मिश्रण पातळ पडेल. जेटखालचा षटकोनी नट एकेक पैलू खाली उतरवत जा, दोन्ही कार्बुरेटरना सारखंच, आणि चांगली दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारून प्लग बघा. खडूसारखे पांढरे असतील तर अजून एक पैलू. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल मात्र ऑक्टेनसाठी म्हणून घेऊ नका. युद्धानंतर ब्रिटनमध्ये जे हलक्या प्रतीचं 'पूल' पेट्रोल मिळायचं, त्यावरही ही गाडी धावायची. आपलं साधं पेट्रोल तिला मेजवानी आहे.

तिसरा डाव तेलाचा, आणि हा महागात पडणारा. या इंजिनाचा ऑइल पंप फार दिवस उभा राहिला किंवा उघडला गेला की तेल धरत नाही. म्हणून नवं तेल भरून थेट स्टार्टरची दांडी ओढू नका. चारही प्लग काढा, इंजिन मोकळं फिरवा आणि नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर ठेवा. काटा हलला नाही तर थांबा, पंप तेलाने भरा, पुन्हा फिरवा. काटा उठल्याशिवाय प्लग बसवायचे नाहीत.

हे झालं की चावी फिरवा आणि स्टार्टर न ओढता नुसते ऐका. पेट्रोल पंप टिकटिकायला लागेल, आधी भरभर, मग कार्बुरेटरची फ्लोटची भांडी भरत आली की सावकाश, मग गप्प. गप्प झाला तर सगळं ठीक. टिकटिक थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी गळतंय, नाहीतर पंप हवा ओढतोय, नाहीतर फ्लोटची सुई अडकली आहे. त्या अवस्थेत ठिणगी नको. माझ्या मते या सबंध गाडीतला हा सगळ्यात हुशार पार्ट आहे. तक्रार असली तर तोंडाने सांगतो.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. सर्किट एकच, त्यामुळे एका चाकाचं सिलिंडर गळलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांच्या सिलिंडरची रबरं, रबरी होज, ब्रेक ऑइल, सगळं नवं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला, ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

लाकडाच्या चौकटीची एक परीक्षा करून ठेवा. दार अर्धं उघडा, टोकाला धरून हलकेच वर उचला आणि बिजागरीचा खांब हलतो का बघा. दोन सूत हलला तर स्क्रू आणि सांधे आवळून चालेल. खांबच दाराबरोबर नाचत असेल तर सुताराला बोलवा. आणि हो, वाळवी. इंग्लंडच्या पुस्तकांत तिचा उल्लेख नसतो, आपल्याला तिची सवय आहे. पावसाळ्याआधी टॉर्च घेऊन खालून एकदा नजर फिरवायची.

आता गॅरेज. टीसी साडेअकरा फुटांपेक्षा जरा लांब आणि पावणेपाच फुटांच्या आत रुंद. तुमचं गॅरेज सोळा फुटी आहे म्हणता, म्हणजे गाडी आत घेऊनही पुढे बेंचला चार फूट उरतात. ही चैन आहे. पण सध्या त्या चार फुटांत मडगार्ड आणि बॉनेट पडलंय, त्यामुळे बेंचपर्यंत पोचायलाच कसरत, आणि दार उघडावंसं न वाटण्याचं निम्मं कारण मला तेच दिसतं. पहिल्या आठवड्यात गाडीला हात लावू नका. भिंतीत खुंट्या मारा, मडगार्ड जुन्या चादरीत गुंडाळून वर टांगा, बेंच रिकामं करा, व्हाइसला तेल घाला, लेथवरचं कापड काढा. एखादी पितळेची बुश अशीच काढून बघा, कशासाठी म्हणून नाही. हाताला चव आली की पुढचं आपोआप सुचतं.

मग टूलरूमचा नियम लावा: एका वेळी एकच जॉब कार्ड. आधीचं बंद झाल्याशिवाय दुसरं काढायचं नाही. रेडिएटर बसवायचा तर रेडिएटरच. बसवताना हॉर्नची वायर खराब दिसली तर कागदावर लिहा आणि रेडिएटरकडे वळा. आणि सोमवार परत आणा. आठवड्यातले दोन दिवस गॅरेजचे ठरवा, संध्याकाळी सातला दिवा बंद. बाकीचे दिवस मित्र, फिरणं, बँकेची कामं, जे असेल ते. रोज जायची मुभा आहे म्हणून रोज गेलात तर पुन्हा कंटाळाल.

सुरक्षेचं थोडक्यात, कारण तुम्ही कंपनीत दुसऱ्यांना शिकवलं असेल. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जायचं नाही, विटांवर तर मुळीच नाही. इंजिन चालू असताना दार सताड उघडं. पावडरचा अग्निशामक दाराजवळ, बेंचच्या मागे नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते, आणि तुमच्या गॅरेजला लागून न्हाणीघर आहे असं पत्रावरून दिसतं. तिथे गॅस गीझर असेल तर टाकी उघडायच्या दिवशी तो बंद. बॅटरीला कट-आउट स्विच लावा. गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडलेलं आहे, हे बॅटरी बदलणाऱ्या मुलाला आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

काकूंच्या ओळीबद्दल. तुमच्या लांबलचक पत्रापेक्षा ती एक ओळ मला जास्त कामाची वाटली. गाडी कशी दिसते याबद्दल त्यात अक्षर नाही, खडकवासला मात्र आहे. घरच्यांनी चाळीस वर्षं पेट्रोलचा वास आणि ठोकाठोक सोसल्यावर त्यांना एवढं मिळायला हवं. पण पहिल्या फेरीला त्यांना नेऊ नका. पहिली फेरी एकट्याने, घराभोवती, खिशात पाने घेऊन. परत आल्यावर चाकांचे मधले नट तांब्याच्या हातोडीने पुन्हा ठोकून बघा. दोन्ही बाजूंचे आटे उलट असतात, घाईत चुकायला होतं. आणखी काही छोट्या फेऱ्या झाल्या, इंजिन जास्त तापलं नाही, ब्रेकने गाडी एका बाजूला ओढली नाही, की मग काकू. रविवारी दुपारी सिंहगड रोडला गेलात तर कणसापेक्षा क्लच जास्त भाजेल. सकाळी साडेसहाला निघा. तेवढ्या सकाळी कणीसवाला नसेल तर चहा घ्या, कणीस आठवड्यातल्या एखाद्या दुपारी. आता तुम्हाला सुट्टी काढावी लागत नाही.

विकायचंच असेल कधी, तर ते मोकळ्या मनाने विका, त्यात गैर काही नाही. फक्त खोक्यातली गाडी विकू नका. ती घेणारा आधी खोकी मोजतो, मग न सापडलेले पार्ट मोजतो, आणि प्रत्येकाचे पैसे कापतो. चालत्या गाडीची किंमत ती चालवून दाखवता येते म्हणून येते.

कागदपत्रांचं एक लक्षात ठेवा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचा वेगळा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांसाठी तो आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणी पाच हजार, आणि नव्या नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला छान आहे, पण त्यात एक गोम आहे. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशी कारणं नियमात दिली आहेत, कणीस त्यात नाही. तेव्हा तुमचं आत्ताचं आरसी जिवंत असेल तर ते वेळेवर नूतनीकरण करून तसंच चालू ठेवा, आणि व्हिंटेजमध्ये जायचा निर्णय आरटीओत नीट विचारून मगच घ्या. आरसीची मुदत दीड वर्षाच्या गडबडीत निघून गेली असेल तर नटबोल्टच्याही आधी ते काम. विमाही बघा. नेहमीच्या पॉलिसीत या वयाच्या गाडीची किंमत जवळपास शून्य धरतात, म्हणून ठरलेल्या किमतीवर विमा देणारी कंपनी शोधा.

राहिला पुतण्या. त्याच्यावर चिडू नका, त्याला गाडीची ओढ आहे, फक्त ती बारा मिनिटांची आहे. डिसेंबरात येतोय म्हणालात. तोवर त्याला एक यादी पाठवा: कार्बुरेटरच्या जेटची किटं दोन, ब्रेकच्या रबरांचा एक पूर्ण सेट, इथेनॉल चालणारी नळी पाच मीटर, आणि आठ बाय एकचे बोल्ट डझनभर, व्हिटवर्थ डोक्याचे. बॅगेत मावेल इतकंच आहे. बोल्ट मागवताना पिच दोनदा लिहा, तिकडच्या हार्डवेअरच्या दुकानात उभा राहून तो नक्की सव्वाचे घेईल.